राखून ठेवलेलं कडवं

व्हायोलिन म्हटलेलं तिला खपायचं नाही.
व्हायोलिनला मखमलीची पेटी लागते,
फिडल पोत्यातही राहतं, म्हणायची डॉर्कस अटिंग.
आणि राहिलंही होतं, चौदा वर्षं,
बटाट्याच्या पोत्यात, एबेलमामाच्या खाटेखाली,
यार्मथला, समुद्राकडे पाठ केलेल्या घरात.

सोळाव्या वर्षी ती धक्क्यावर हेरिंग चिरायला लागली.
मिनिटाला चाळीस मासे,
बोटांना पिठाच्या पिशवीच्या चिंध्या गुंडाळून.
मीठ तरीही आत जायचंच.
रात्री तीच बोटं तारांवर.
हनुवटीखाली नको धरूस, मामा म्हणायचा,
मग गाणार कुठल्या तोंडानं?
म्हणून ती धरायची कोपराच्या बेचक्यात,
दुकानातून पाव घरी न्यावा तसं.

मी तिला पहिल्यांदा ऐकलं नॉरिचला,
पबच्या वरच्या खोलीत. एकसष्ट, बासष्ट साल असेल.
दाढ्या, धूर, जाड स्वेटर;
सगळे शेतमजुरांची गाणी म्हणत होते
आणि एकाच्याही नखात माती नव्हती. माझ्याही.
ती उठली. अंगाला मासळीचा वास.
तिनं डोळे मिटले नाहीत, हात कानावर नेला नाही.
दूधवाल्याचा हिशेब सांगावा तशी सांगत गेली
बुडालेल्या दोन भावांची गोष्ट,
आणि धृपद आलं तेव्हा
इतक्या जणांत कुणालाच आवाज फुटेना.

दुसऱ्या दिवशी मी कॉन्सर्टिना घेऊन तिच्या दारात.
तिनं वाद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"गाडी चालवता येते का?"

तेवीस वर्षं चालवली.
शाळांची सभागृहं, चर्चचे तळमजले,
एकदा तर गुरांच्या लिलावाचा मांडव,
तिथं एका गायीनं मध्येच सूर लावला
आणि डॉर्कसनं पट्टी बदलून तिला सांभाळून घेतलं.
मानधन कधी पाकिटात, कधी अंड्यांत.

लंडनच्या स्टुडिओत तिला बूट काढायला लावले,
ठेका टेपवर येतो म्हणून.
काढले. आणि ती अनवाणी
तिसऱ्या ओळीपाशी अडखळली, पुन्हा अडखळली.
"जमीन कुठाय?" एवढंच म्हणाली.
बूट परत चढले.
त्या तबकडीत डावा बूट आहे, अजून आहे.
एका समीक्षकानं त्याला ढोल समजून नावाजलं,
ती आठवडाभर हसत होती.
तीनशे प्रती काढल्या. एकशे बारा माझ्या गॅरेजमध्ये.

मग लेव्हरिज नावाचे गृहस्थ आले,
मोठं टेपयंत्र घेऊन, गाणी जपून ठेवायला.
भावांच्या गाण्याला कडवी किती?
सहा, ती म्हणाली.
त्यांनी सहा लिहून घेतली, चहा घेतला, गेले.

पुढं कितीतरी वर्षांनी, हंबरच्या पुलावर,
टोलच्या रांगेत वायपर चालू असताना
ती खिडकीकडे तोंड करून सातवं गुणगुणली.
मी चिल्लर मोजत होतो. हात थांबला.
"हे त्यांना का नाही दिलं?"
"आई भांडी घासताना म्हणायची.
त्यांनी विचारलं गाण्याचं.
हे भांड्यांचं आहे."
मागची गाडी हॉर्न वाजवू लागली.

शेवटी बोटं आकड्यांसारखी वळली.
पेला धरता येईना, तर गज कुठला.
पोतं तिनं टॅम्सिनला दिलं,
पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या पोरीला;
कॉलेजातून आलेल्या, नोटेशन वाचणाऱ्या
तिघांना चहा पाजून परत पाठवलं होतं.
मला राग आला होता. खोटं कशाला सांगू.

अंत्यविधीला आम्ही तेच गाणं म्हटलं.
टॅम्सिननं फिडल कोपराच्या बेचक्यात धरलं होतं.
सहावं कडवं संपलं, लोक खाली बसले,
लेव्हरिज, आता काठी टेकत, तेही बसले.
पोरगी उभीच.
गज खाली, ओठ बंद,
फक्त डावा बूट दगडी फरशीवर वाजत राहिला.

मला मोजता येतं.
बरोबर एका कडव्याएवढा.